फाळक्यांच्या घरचा बाळकृष्ण

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री घरोघरी पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो आणि देवघरातील लहानशा मूर्तीवरून क्षणभर कोणाचीच दृष्टी हलत नाही. त्या मूर्तीच्या पलीकडे आपल्या मनात जो रांगता, खोडकर, कालियाच्या फणांवर नाचणारा कृष्ण उभा असतो, तो कोठून आला? थोडा भागवतातून, थोडा कीर्तनकाराच्या निरूपणातून, थोडा रविवर्म्याच्या तसबिरीतून. आणि मान्य करावयास काहींना संकोच वाटला तरी थोडा चित्रपटाच्या पडद्यावरूनही. पडद्यावरच्या या कृष्णाला प्रथम मोठ्या कौतुकाने सजवून उभे केले ते नाशिककर फाळक्यांनी. आणि तो कृष्ण म्हणजे दुसरेतिसरे कोणी नसून त्यांची स्वतःची सहा-सात वर्षांची मुलगी होती.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. ब्रह्मगिरीच्या कुशीतील हे क्षेत्र. येथेच गोदावरी उगम पावते. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. घरात पूजापाठ, पुराणश्रवण, स्तोत्रपठण हे श्वासासारखे चालत असे. मुलानेही शास्त्री व्हावे, हीच त्या घराची स्वाभाविक अपेक्षा. परंतु बालपणापासून धुंडिराजाचे हात पोथीपेक्षा रंगांकडे आणि मातीकडे अधिक ओढ घेत. दाजीशास्त्र्यांना मुंबईस विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले, बिऱ्हाड मुंबईस आले आणि १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथून पुढे बडोद्याचे कलाभवन. चित्रकला, मूर्तिकला, छायाचित्रण, छपाई, एवढेच काय पण जादूचे प्रयोगही त्यांनी आत्मसात केले. आपल्याच आडनावातील अक्षरे उलटीसुलटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते हातचलाखीचे खेळ करीत. पुढे पडद्यावर देवांना अंतर्धान पाववणाऱ्या आणि कंसाचे मस्तक धडावेगळे करून दाखविणाऱ्या माणसाला ही विद्या किती उपयोगी पडली असेल, हे सांगणे न लगे.

गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला आणि तेथेच त्यांच्या आयुष्यावर पहिला मोठा घाला पडला. प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दोघेही गेले. मन उडाले, गाव सुटले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. करंदीकरांच्या घरची ही मुलगी सासरी सरस्वती झाली. या सरस्वतीबाईंचे नाव येथे मुद्दाम ठळकपणे घ्यावयाचे, कारण फाळक्यांच्या चरित्रात त्यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो, आणि तो अन्याय आहे.

त्यानंतर पुरातत्त्व खात्यातील आरेखकाची नोकरी, स्वदेशीच्या वाऱ्यात त्या नोकरीचा त्याग, लोणावळ्यास आणि मग दादरला छापखाना, रविवर्म्याच्या चित्रांच्या शिळाछपाईशी आलेला संबंध, १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनीची वारी, अशी वर्षे भराभर गेली. छापखाना नावारूपास आला आणि भागीदारांशी बेबनाव झाला. फाळके बाहेर पडले. स्वभाव मानी, एकदा उंबरठा ओलांडला की मागे वळून पाहावयाचे नाही. चाळिशी उलटलेली, पदरी मुले, आणि हाती उद्योग नाही, अशा अवस्थेत ते गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये एक चित्रपट पाहावयास गेले. पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र चालले होते.

हा प्रसंग पुढे अनेकांनी अनेक रंगांत रंगविला आहे. पण मूळ गोष्ट साधी आहे. एका परधर्मीय महापुरुषाचे चरित्र डोळ्यांसमोरून सरकत असताना या शास्त्र्याच्या मुलाला त्याच्या जागी गोकुळ दिसू लागले, अयोध्या दिसू लागली, राम आणि कृष्ण दिसू लागले. आपले देव असे का हलू-चालू नयेत, हा प्रश्न त्यांच्या मनात रुतला तो कायमचा. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले. चित्रे कशी हलतात हे त्यांना समजावून दिले आणि आपणही हे करू, असा मनोदय त्यांच्यापाशी बोलून दाखविला. विनाउद्योग नवऱ्याचे हे बोलणे कोणत्याही गृहिणीने हसण्यावारी नेले असते तर तिला दोष देता आला नसता.

मग वेड सुरू झाले. हलक्या किमतीचा एक कॅमेरा, काही रिळे, आणि रात्रंदिवस तीच ती चित्रे पाहणे. झोप नाही, विश्रांती नाही. परिणामी डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ दृष्टी जवळजवळ गेल्यासारखी झाली. उपचारांनी आणि चष्म्यांनी ती सावरली. नातेवाईक व स्नेही मात्र त्यांच्या बुद्धीविषयीच शंका घेऊ लागले. त्याही अवस्थेत स्वतःची विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तेथे ओळख ना देख. पण 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकाने आपुलकी दाखविली आणि त्याच्या मध्यस्थीने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या वॉल्टन येथील चित्रशाळेत त्यांना सर्व क्रिया प्रत्यक्ष पाहावयास मिळाल्या. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र व इतर साहित्य यांची खरेदी करून ते एप्रिलच्या आरंभी परतले.

पैसे लावणारा कोणी मिळेना तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर नेमाने, थोडीथोडी, त्या रोपाची चित्रे घेतली. पडद्यावर तो अंकुर बघता बघता वर आला, पाने फुटली, वेल चढली. महिन्याचे काम मिनिटाभरात. ही छोटीशी किमया पाहून सावकाराची मूठ काहीशी सैल झाली. उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढली.

दादरच्या मथुरा भवनात 'राजा हरिश्चंद्र'चे काम सुरू झाले. सत्यासाठी राज्य, पत्नी, पुत्र यांवर पाणी सोडणाऱ्या राजाची कथा पहिल्या चित्रपटासाठी निवडली जावी, हा योगायोग म्हणावा की काय! राजाच्या भूमिकेस दत्तात्रय दाबके मिळाले. राणीच्या भूमिकेस मात्र कोणी स्त्री येईना. कुलीन स्त्रिया तर सोडाच, कलावंतिणीही कॅमेऱ्यापुढे उभ्या राहावयास तयार नव्हत्या. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहातील आचारी, अण्णा साळुंके, हा नाजूक बांध्याचा तरुण फाळक्यांच्या नजरेस पडला. दरमहा दहा रुपयांवर राबणारा हा मुलगा पंधरा रुपयांवर तारामती झाला. स्त्रीभूमिकांसाठी घेतलेल्या पुरुषांची आणखी एक अडचण होती. वडील हयात असता मिशी उतरविणे म्हणजे अशुभ. हरिश्चंद्र व तारामतीची कथा हे पुण्यकार्य आहे, असे समजावून पालकांची संमती मिळविण्यासाठी फाळक्यांना बरीच आर्जवे करावी लागली. आज हे ऐकून हसू येते. पण ज्यांनी ती संमती दिली त्यांनी काही थोडे दिले नाही.

रोहिदासाचे काम फाळक्यांचा मुलगा भालचंद्र याने केले. इतर आईबाप आपला मुलगा देईनात, कारण कथेत रोहिदास सर्पदंशाने मरतो आणि अशा भूमिकेने मुलाला अपाय होईल ही भीती. अखेर घरचेच मूल पुढे करावे लागले. बाह्य चित्रणाच्या वेळी हा भालचंद्र खडकावर पडून बेशुद्ध झाला आणि प्रसंगाला बेशुद्ध बालकच हवे होते म्हणून प्रथमोपचार करून फाळक्यांनी चित्रण पुरे केले, असे सांगतात. या आख्यायिकेकडे कौतुकाने पाहावे की आईच्या डोळ्यांनी पाहावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्या दिवसांतील मथुरा भवन डोळ्यांपुढे आणून पाहावे. दिवसा अंगणात उन्हाच्या प्रकाशात चित्रण. फाळके स्वतः पडदे रंगवीत, पोशाख ठरवीत, अभिनय शिकवीत, कॅमेरा चालवीत. सरस्वतीबाई उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडीत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच देखरेखीखाली. आणि रात्री, मुले निजल्यावर, अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मच्या कडांना एकसारख्या अंतराने भोके पाडण्याचे काम. त्या काळी फिल्म कोरीच येई. भोक जरा चुकले की चित्र थरथरलेच. चित्रित झालेली फिल्म रसायनांत धुण्याच्या कामीही त्यांचा हात असे. आपल्या घरांत सणावारी आल्यागेल्यांचे सारे करून पुन्हा पहाटे देवपूजेची तयारी करणाऱ्या ज्या बायका आपण पाहिल्या आहेत, त्यांच्याच जातकुळीची ही बाई. फरक एवढाच की तिच्या हातून त्या रात्री एका नव्या कलेचा पाया घातला जात होता आणि तिला त्याची जाणीव करून द्यावयास कोणापाशी उसंत नव्हती.

सुमारे सात महिन्यांत, तीन हजार सातशे फूट लांबीचा चित्रपट सिद्ध झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात सर्वांसाठी तो दाखविला गेला. लोक लोटले. परगावी मात्र तऱ्हा निराळी. तासन्‌तास चालणाऱ्या नाटकांची सवय असलेल्या प्रेक्षकाला तास-सव्वा तासाचा खेळ महाग वाटे. तेव्हा फाळक्यांनी जाहिरातीत चित्रपटाची लांबी मैलांत आणि छायाचित्रांची संख्या हजारांत सांगून हे सारे तीन आण्यांत मिळते, असा हिशेब मांडला! शास्त्र्याच्या मुलाला व्यापार कळत नव्हता असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

त्याच वर्षी फाळके नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी भूमिका करून स्त्रियांनी पडद्यावर यावयाचे नाही ही आडकाठी मोडली. या कमलाबाई म्हणजेच पुढे रंगभूमीवर गाजलेल्या कमलाबाई गोखले. मग 'सत्यवान सावित्री'. १९१४ मध्ये ही चित्रे घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांचे कौतुक झाले आणि तेथेच राहून चित्रपट काढण्याविषयी विचारणाही झाली. त्यांनी ती नाकारली. नाशिकला आपल्या भरवशावर बसलेली माणसे त्यांना दिसत होती. परत येतात तो महायुद्धाचा वणवा पेटलेला. भांडवलदारांनी हात आखडते घेतलेले. पुढील दोन-तीन वर्षे हलाखीत गेली.

१९१७ च्या 'लंकादहन'ने दिवस पालटले. साळुंके यांनी यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हनुमंताचे उड्डाण आणि जळती लंका पाहून प्रेक्षक थक्क झाले. राम पडद्यावर येताच लोक पायांतील वहाणा काढून हात जोडीत, अशा आठवणी त्या काळच्या जाणत्या लोकांनी सांगितल्या आहेत. मद्रासेत तिकिटांची नाणी बैलगाडीत भरून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, अशीही कथा प्रसिद्ध आहे.

वहाणा काढणाऱ्या त्या प्रेक्षकांविषयी एक विचार मनात येतो. नाशिकच्या काळाराम मंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होती. त्यासाठी मार्च १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. त्याच नाशिकात राहणाऱ्या फाळक्यांचा राम त्याच्या कितीतरी आधी तंबू-थिएटरांतून गावोगाव हिंडत होता आणि चार आणे टाकणाऱ्या कोणालाही दिसत होता. फाळक्यांनी हे समाजसुधारणेच्या बुद्धीने केले, असा दावा करण्याचे कारण नाही. पण १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म'चे जे थोडे तुकडे उरले आहेत त्यांत चारही वर्णांचे लोक येऊन श्रीकृष्णापुढे नम्र होताना दिसतात. ते चित्र त्यांनी विचारपूर्वक रचले होते, एवढे निश्चित.

१९१८ च्या आरंभी वामन श्रीधर आपटे आदी भागीदारांच्या साह्याने 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी' निघाली आणि तिचे पहिले मोठे फळ म्हणजे हा 'श्रीकृष्ण जन्म'. कालियाच्या मस्तकावर उभा राहून जळातून वर येणारा बाळकृष्ण. भयाने ग्रासलेल्या कंसाला चहूकडे दिसणारे कृष्णच कृष्ण. आणि त्याचे मस्तक धडावेगळे होऊन वर तरंगते नि पुन्हा खाली येते, ते दृश्य. 'प्रोफेसर केल्फा' यांची सारी विद्या येथे कामास आली. कृष्ण झाली होती फाळक्यांची कन्या मंदाकिनी.

पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, 'कालिया मर्दन' आला. माझ्या मते फाळक्यांचे सर्वांत गोड चित्र हेच. त्याच्या आरंभी कथा सुरूच होत नाही. प्रथम मंदाकिनीचा नुसता चेहरा दिसतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटतात. बापाने लेकीची प्रेक्षकांशी करून दिलेली ही ओळख होय. आणि नंतर ती मुलगी मुकुट घालून कृष्ण होते. आधी मूल दाखवावयाचे, मग त्याच मुलात देव दाखवावयाचा, हे धाडस भक्ताशिवाय दुसऱ्याला सुचले नसते. मग गोकुळातील खोड्या, सवंगड्यांची फौज, गवळणींची गाऱ्हाणी आणि शेवटी डोहातील झुंज. पाण्याखाली तो प्रचंड नाग आणि त्याच्याशी झगडणारे ते चिमुकले पोर. काठावर नंद-यशोदा व्याकूळ. आणि अखेर फणांवर नाचणारा विजयी बाळ. आज तंत्राने कितीतरी मजल मारली आहे. तरीही ते मूक, फिकट झालेले दृश्य पाहताना काठावरच्या यशोदेबरोबर आपलाही जीव वरखाली होतो.

गोडाचा शेवट मात्र कडू झाला. भागीदारांना हिशेब हवा होता आणि फाळक्यांना हवे तसे चित्र. खटके वाढले. सारे सोडून ते कुटुंबासह काशीस निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते मुंबईस रंगमंचावर आले आणि आपटले. जवळ होते-नव्हते तेही गेले. अच्युतराव कोल्हटकरांसारख्या संपादकाने त्यांना जाहीरपणे साद घातली होती. कंपनीलाही त्यांच्यावाचून अडत होते. ते परतले आणि त्यांनी पुढेही अनेक चित्रपट काढले. पण आता ते स्वतःच्या घरचे कार्य राहिले नव्हते.

१९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मुका म्हणून सुरू झाला होता; नंतर त्याला आवाज जोडण्याची पाळी आली. सत्तरीकडे झुकलेल्या या कलावंताने १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' हा बोलपट दिग्दर्शित केला. दक्षिणगंगेच्या उगमापाशी जन्मलेल्या माणसाने शेवटी गंगेचीच कथा सांगितली. त्यानंतर त्यांना चित्रपट लाभला नाही.

उरलेले दिवस नाशिकात गेले. शांताराम प्रभृतींच्या पुढाकाराने चित्रसृष्टीकडून एक थैली मिळाली, तिचा घरासाठी उपयोग झाला. तेवढाच काय तो आधार. ज्या धंद्यात एव्हाना लाखोंची उलाढाल होत होती त्या धंद्याच्या आद्य पुरुषाला पैशाची विवंचना असावी, याची खंत त्या काळच्या कितीजणांना वाटली असेल कोण जाणे. तरी उमेद संपली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागे. फाळक्यांनी तो मागितला. फेब्रुवारी १९४४ मध्ये नकाराचे पत्र आले आणि त्यानंतर दोन दिवसांनी, १६ तारखेला, त्यांनी देह ठेवला.

१९६९ पासून त्यांच्या नावाने केंद्र सरकारचा पुरस्कार दिला जातो. त्यांच्या चित्रांपैकी पुष्कळशी नष्ट झाली. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली व शेवटची रिळे तेवढी राहिली. ती १९१३ ची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी खटपटीने हे अवशेष गोळा केले. त्यांतल्या त्यात 'कालिया मर्दन' पुष्कळसा वाचला. मंदाकिनीचा तो आरंभीचा चेहरा त्यात आहे आणि यमुनेच्या डोहातील नृत्यही आहे.